कंदिलाची काच सुटी मिळायची, मग कॉफीच्या भांड्याची का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरी कॉफी करायच्या भांड्यांवर एक लेख आला होता. त्यात फ्रेंच प्रेस काचेचा घ्यावा की दुहेरी भिंतीच्या स्टीलचा यावर जेमतेम चार ओळी होत्या, काचेचा दिसायला छान, स्टीलचा टिकाऊ, संपलं. मी गेली सहा वर्षं हे भांडं रोज सकाळी वापरतेय, दोन काचेचे माझ्या हातून गेले, मध्ये जाऊबाईंचा स्टीलचा महिनाभर आणून वापरला, आणि मला मनापासून वाटतं की घेणाऱ्या माणसाला जे कळायला हवं ते या चार ओळींत आलंच नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे एक उभट भांडं असतं, त्यात जाडसर दळलेली कॉफी टाकायची, वरून गरम पाणी ओतायचं, चार मिनिटं थांबायचं आणि मग झाकणातून जाणारा जाळीचा दांडा हळूहळू खाली दाबायचा, गाळ खाली राहतो आणि कॉफी वरून ओतून घ्यायची. वीज नाही, कागद नाही, मशीन नाही. नाव फ्रेंच असलं तरी आज आपण बघतो त्या धाटणीचं पेटंट १९२९ मध्ये इटलीच्या अत्तिलियो कालिमानी यांनी घेतलं होतं. आमच्या घरात ते आलं चिकमगळूरच्या ट्रिपनंतर, तिथून पोरीनं बियांची दोन पाकिटं आणली आणि मग करायचं कशात म्हणून हे मागवलं. तोपर्यंत आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधातली, साखर आणि जायफळ घातलेली, तीही उपवासाला नाहीतर कोणी आलं गेलं तर. सासऱ्यांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, अजून तीच आवडते, पण सकाळची पहिली काळी कॉफी आता तेही मागतात.

पहिला प्रेस कसा फुटला ते नीट सांगते कारण त्यातून मी खूप शिकले. तो साडेतीनशे मिलीचा होता, चांगल्या बोरोसिलिकेट काचेचा. एका सकाळी रोजच्यासारखं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि वळून गॅस बंद करेपर्यंत टक असा बारीक आवाज झाला. मागे बघते तर काचेचा तळ बांगडीसारखा गोल सुटून आला होता आणि कॉफी ओट्यावरून खाली फरशीवर धावत होती, चांदीच्या फ्रेममध्ये बिनबुडाची काच तशीच उभी. चांदीच्या म्हणजे रंगाच्या. नशीब अण्णा तेव्हा बाहेरच्या खोलीत होते, एरवी ते ओट्याला टेकूनच उभे असतात. नंतर तो तळाचा तुकडा उजेडात धरून बघितला तर त्यावर गोल गोल बारीक चरे होते, स्टीलच्या चमच्याने रोज कॉफी ढवळायचे ना, त्याचे. काच सहसा अशी अचानक फुटत नाही, आधी कुठेतरी चरा पडलेला असतो आणि मग एखाद्या दिवशी गरम पाण्याने ताण आला की ती त्या चऱ्यापासून जाते. तेव्हापासून लाकडी चमचा, आणि आत तारेची घासणी कधीच नाही.

आता ही बोरोसिलिकेट काच म्हणजे काय तर जर्मनीत ऑटो शॉट यांनी १८८० च्या दशकात शोधलेली काच. साधी काच गरम झाल्यावर जितकी प्रसरण पावते त्याच्या साधारण एक तृतीयांशच ही पावते, म्हणून उकळतं पाणी सोसते. आपल्याकडे लोक सरसकट बोरोसिलची काच म्हणतात कारण ती कंपनी १९६२ पासून आहे आणि शाळेच्या प्रयोगशाळेपासून आपण ते नाव वाचत आलोय. बाजारातल्या स्वस्त प्रेसवर मात्र बऱ्याचदा नुसतं हीट रेझिस्टंट लिहिलेलं असतं. हीट रेझिस्टंट म्हणजे किती आणि कुठली काच हे कुठेच नसतं. खोक्यावर बोरोसिलिकेट असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर माझं मत आहे की घेऊच नये, वस्तू कितीही सुंदर असली तरी.

पण माझी खरी तक्रार इथून पुढे आहे. तळ गेला, बाकी सगळं शाबूत होतं, फ्रेम, मूठ, झाकण, दांडा, जाळी, स्प्रिंगची चकती, सगळं नव्यासारखं. मला फक्त एक काचेचा पेला हवा होता. इथे सांगलीत गणपती पेठेत गेले, मारुती रोडला गेले, मिरजेत पण विचारलं, सगळीकडे एकच उत्तर, ताई, काच सुटी नाही येत, अख्खा सेटच घ्या. ज्यांचा माल होता त्यांच्या कस्टमर केअरला फोन केला, त्यांनी सांगितलं की आम्ही स्पेअर ठेवत नाही, आणि लगेच नवीन मॉडेलवर दहा टक्के सूट देते म्हणाल्या. ऑनलाइन सुट्या काचा दिसल्या, एक मागवली, पण ती दोनेक मिलिमीटरने रुंद निघाली, जाळी कडेला लागेना आणि सगळा गाळ बाजूने वर कपात. परत केली. शेवटी नवीन अख्खा सेट आणला आणि दोन वर्षांनी त्याची काच सिंकमध्ये नळावर आपटली. म्हणजे आज माझ्या माळ्यावर दोन फ्रेम, दोन दांडे आणि दोन चांगली झाकणं पडून आहेत.

माझं माहेर कराडजवळचं, ओगलेवाडी तिथून अगदी जवळ. ओगल्यांच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील माहीत नाही असा माणूस आमच्या लहानपणी आमच्या भागात नव्हता. आमच्या आजीच्या घरी तो होता, आणि त्याची काच फुटली तर कंदील कोणी टाकून देत नव्हतं, आजोबा बाजाराच्या दिवशी जाऊन कंदिलाची काच आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि आजी ती राखेने पुसून लगेच बसवायची. मला तो कागद उलगडायचा आवाज अजून आठवतो. तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला, लोकांकडून एक एक पैसा गोळा करून, लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता त्याला. पुढे त्याच तळेगावात ईगलचे थर्मास बनायचे, आणि थर्मासची आतली काच फुटली की भांड्याच्या दुकानात रिफिल मिळायची, तळाचं बूच फिरवून जुनी काढायची आणि नवी बसवायची, आमच्या वडिलांनी एकाच थर्मासला तीनदा रिफिल घातलेली मी पाहिलीय. ज्या महाराष्ट्रात काचेचा एवढा इतिहास आहे तिथे आज सांगलीसारख्या शहरात कॉफीच्या भांड्याची साधी काच मिळू नये याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि कुकरचं बघा ना, गॅस्केट, शिट्टी, सेफ्टी वाल्व कुठल्याही गावात मिळतं, कितव्या लिटरचा एवढंच विचारतात. मिक्सरचं पातं मिळतं, रबर मिळतं. मग हेच का नाही?

आता स्टीलचं. काच गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, तू माझा ने, आणि बघ तुला कसा वाटतो. दुहेरी भिंतीचा, वजनाला भक्कम, हातातून पडला तरी पोचा येईल पण भांडं राहील, हा त्याचा मोठा गुण आहे आणि तो मी नाकारत नाही. ज्या घरात लहान मुलं ओट्यापर्यंत हात घालतात, किंवा कोणाचे हात थरथरतात, तिथे माझ्या मते स्टीलच घ्यावा, त्यात दुसरा विचार करू नये. प्रवासाला न्यायला पण तोच बरा.

गरम राहण्याचं मी मोजून बघितलं. पोरगी केकसाठी वापरते तो थर्मामीटर होता घरात, दोन्हीत एकाच किटलीतलं पाणी ओतलं. स्टीलचा आधी गरम पाण्याने विसळून घेतला होता, काचेचा पण. चार मिनिटांनी काचेत साधारण ८४ अंश आणि स्टीलमध्ये ८९. म्हणजे कॉफी उतरण्याच्या वेळात फरक फार नाही, चवीत तर मला तो जाणवलाच नाही. अर्ध्या तासाने मात्र काचेतलं ६० ला आलं होतं आणि स्टीलमधलं अजून ७५ ला होतं. हे आमच्या ओट्यावरचे आकडे, पंखा चालू होता, तुमच्याकडे थोडे वेगळे येतील. स्टील न विसळता थंडच वापरला तर सुरुवातीलाच बरीच उष्णता भांडं खाऊन टाकतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग स्टीलमध्ये कॉफी पांचट होते अशी तक्रार करतात.

पण गरम राहते म्हणून कॉफी त्यातच ठेवायची असं जे लोकांना वाटतं ना, ते चूक आहे, आणि दुकानदार नेमकं तेच सांगून स्टीलचा विकतात. दांडा दाबला म्हणजे कॉफी उतरायची थांबली असं होत नाही. गाळ जाळीखाली असतो पण पाण्यातच असतो, वर पाणी जितकं गरम तितकं त्यातलं कडूपण बाहेर येत राहतं. जाऊबाईंकडे भाऊजी सहाला उठतात, त्या सातला, एकदाच करून ठेवतात स्टीलमध्ये, आणि सातची कॉफी इतकी कडू तुरट असते की त्या साखर दुप्पट घालतात आणि म्हणतात पावडर वाईट होती. पावडर चांगली होती, मी तीच आमच्याकडे करून बघितली. चार मिनिटं झाली की दाबायची आणि सगळी ओतून काढायची, उरलेली थर्मासमध्ये. थर्मास बहुतेक घरांत असतोच, आजारी माणसासाठी नाहीतर प्रवासासाठी घेतलेला. मी तर म्हणेन की काचेचा प्रेस आणि घरातला थर्मास, एवढ्यात स्टीलच्या प्रेसचं सगळं काम होतं आणि कॉफी जास्त चांगली लागते.

शिवाय काचेत दिसतं. पाणी कुठवर आलं, कॉफीचा थर वर फुगून आला का, तो कधी खाली बसायला लागला, तळाशी किती गाळ आहे. नवशिक्याला हे दिसणं फार कामाचं असतं. स्टीलमध्ये सगळं अंधारात, मी पहिल्या दिवशी इतकं पाणी भरलं की दांडा घातल्याबरोबर तोटीतून बाहेर आलं. आणि स्टीलच्या आतल्या बाजूला कॉफीचं तेल चिकटून राहतं, वरून चकचकीत दिसतं पण दुसऱ्या दिवशी नाक घालून बघा, शिळा वास येतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून अर्धा तास ठेवलं की जातो, आठवड्यातून एकदा तरी करावं लागतं. जाळीचे तीन भाग असतात ते पण दोन्ही प्रकारांत उघडून धुवायला हवेत, खूप लोक वर्षानुवर्षं उघडतच नाहीत.

स्टील घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. दुहेरी भिंत लिहिलं म्हणजे मध्ये व्हॅक्यूम आहे असं नाही, नुसती हवा पण असते, आणि हवेचा वकूब व्हॅक्यूमपेक्षा खूप कमी. उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा, चांगलं गरम लागलं तर व्हॅक्यूम नाही किंवा होतं ते गेलं. रिकामं भांडं हलवल्यावर दोन भिंतींच्या मध्ये पाणी खुळखुळत असेल तर जोड सुटलाय. आणि दुहेरी भिंतीचं भांडं गॅसवर कधीही ठेवू नका, आत बंद पोकळी असते, ते धोक्याचं आहे, मी एका घरात कॉफी परत गरम करायला ठेवलेलं प्रत्यक्ष बघितलंय. दुसरं म्हणजे स्टील कुठलं. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवालं, त्याला १८/८ पण म्हणतात, ते गंज धरत नाही. २०१, २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगेनीज जास्त, ते स्वस्त पडतं पण तितकं टिकत नाही. खोक्यावर बहुतेक वेळा नुसतं प्रीमियम स्टील. आणि चुंबक लावून बघतात ते पण पक्कं नाही, कारण २०२ ला पण चुंबक चिकटत नाही. मग सामान्य बाईने ओळखायचं कसं? छापलंच पाहिजे.

मापाचं पण तेच. खोक्यावर आठ कप लिहिलेलं असतं आणि तो एक लिटरचा असतो, म्हणजे कप धरलाय सव्वाशे मिलीचा, आपल्या घरातल्या मगाने मोजलं तर जेमतेम चार. तीन कपवाला साडेतीनशे मिलीचा, तो एका माणसाला पोटभर, दोघांना थोडा थोडा. मिली बघूनच घ्या.

पावडरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या बाजारात मिळणारी फिल्टर कॉफी बारीक दळलेली असते आणि त्यात चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, असते, नियमाने ४९ टक्क्यांपर्यंत चालते. ती या भांड्यात घातली तर जाळी तुंबते, दांडा खाली जात नाही, मग माणूस जोर लावतो आणि गरम कॉफी तोंडावर उडते. माझ्या मैत्रिणीचं मनगट असंच भाजलं होतं. दांडा अडला तर जोर लावायचा नाही, थोडा वर घ्यायचा आणि परत हळू दाबायचा. दळून देताना दुकानदाराला जाड रव्याएवढी सांगा, चिकोरी नको म्हणा. लिटरला साठ ग्रॅम, साडेतीनशेला वीस ग्रॅम, पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून. आणि ज्यांना कोलेस्टेरॉल आहे त्यांनी लक्षात घ्या की धातूच्या जाळीतून कॉफीतलं तेल कपात उतरतं, त्यातलं कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवतं, कागदी फिल्टर ते अडवतो. काच असो की स्टील, यात फरक नाही. अण्णांना म्हणून आम्ही दिवसातून एकच कप देतो.

तर मला कोणी विचारलं काय घेऊ, तर मी म्हणते काचेचा घे, पण आधी दुकानदाराला विचार की याची सुटी काच तू देशील का. देतो म्हणाला तर घे, नाही म्हणाला तर स्टीलचा घे. दिसायला कसा आणि किंमत किती हे त्याच्यानंतर. फुटणारी वस्तू वाईट असं मी मानत नाही, आपल्या घरात बरण्या आहेत, कपबश्या आहेत. पण वीस रुपयांच्या वाळूची वस्तू गेली म्हणून बाकीचं चांगलं स्टील फेकायला लावणं हे मला पटत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल पण सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि गाड्या घेतल्यात. चांगलंच आहे. पण त्या टिकाऊ वस्तूंत टीव्ही, फ्रिजच्या पलीकडे स्वयंपाकघरातल्या या लहान भांड्यांकडे पण कोणीतरी बघायला हवं.

माझी मागणी फार मोठी नाही. काचेच्या प्रेसच्या खोक्यावर काचेचा प्रकार आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये छापा, म्हणजे कुठलीही काच मागवताना फसगत होणार नाही. ज्या मापाचा प्रेस विकता त्या मापाची सुटी काच आणि सुटी जाळी निदान काही वर्षं उपलब्ध ठेवा. स्टीलवर ग्रेड लिहा आणि व्हॅक्यूम आहे की नाही ते लिहा. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी हा विषय हातात घ्यावा अशी त्यांनाही विनंती करते, आणि भांड्याच्या दुकानदारांनाही, की कुकरच्या गॅस्केटशेजारी दहा काचा टांगून बघा, माल पडून राहणार नाही, माझ्या एकटीच्या ओळखीत पाच घरं थांबलीत.

माझ्या दोन्ही फ्रेम मी फूटपट्टीने मोजून ठेवल्यात. एकीला आतून ७० मिलिमीटरची काच लागते आणि दुसरीला ७३ ची, उंची दोन्हीची साधारण १३ सेंटिमीटर. सांगली, मिरज, कोल्हापूर, कराड, कुठेही अशी बोरोसिलिकेटची सुटी काच मिळत असेल तर वाचकांनी कृपया तुमच्या पत्त्यावर कळवावं, मी स्वतः जाऊन घेऊन येईन.

आपली,
एक वाचक, सांगली